मेख आणि तणावा

एकट्याने झोपायचा तंबू नवराबायकोने मिळून विकत घ्यायला यावे, हे पुण्यातल्या त्या दुकानातल्या तरुण विक्रेत्याला काही केल्या पटेना. ‘‘दोघांचा घ्या ना, जेमतेम चारशे ग्रॅम जास्त भरतो,’’ असे तो तीनदा म्हणाला. तिसऱ्या ‘नको’नंतर तो गप्प झाला. आमच्यात काहीतरी बिनसले असावे असा त्याचा ग्रह झाला असणार, कारण त्यानंतर तो आमच्यापैकी एकाशीच बोलू लागला. या लेखातले ‘आम्ही’ आदरार्थी नाही, आणि चिपळूणकरी निबंधाच्या वळणाचेही नाही. ते द्विवचनाच्या जागी आलेले साधे अनेकवचन आहे. मराठीत द्विवचन नाही याची खंत संस्कृत शिकतानाही कधी वाटली नव्हती. ती या खरेदीच्या वेळी वाटली.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि कोरेगावात राहतो. गच्चीवर उभे राहिले की पश्चिमेला जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. लग्नानंतरची पंधरा-सोळा वर्षे सुट्टी आली की डोंगर, हा आमचा शिरस्ता होता. २०२१च्या दिवाळीत आईंना अर्धांगवायूचा झटका आला. (त्या आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई; पण कोण कोणाच्या, हा प्रश्न आमच्या घरात कधीच विरघळून गेला आहे.) उजवी बाजू गेली. वाचाही गेली होती, ती हळूहळू थोडीशी परतली. दिवसा मदतीला एक बाई येतात. रात्री मात्र घरात कोणीतरी जागे होणारे माणूस लागते: कूस बदलून द्यायला, पाणी पाजायला, आणि पुष्कळदा नुसतेच ‘आहे’ म्हणायला.

दोन वर्षे डोंगर बंद राहिले. त्याबद्दल आम्ही बोललोही नाही, कारण बोललो असतो तर ते तक्रारीसारखे ऐकू आले असते, आणि आईंची खोली काही लांब नाही. मग २०२४च्या सुरुवातीला एका रात्री पुरवण्या तपासता तपासता ठरले की पाळीपाळीने जायचे. महिन्यातल्या एका शनिवारी एकाने जायचे, दुसऱ्याने राहायचे. (पुढे ‘जाणारा’ आणि ‘राहणारा’ असे शब्द येतील. ते व्याकरणाच्या सोयीसाठी पुल्लिंगी आहेत. त्यावरून कोणत्या महिन्यात कोण गेले याचा तर्क वाचकांनी करू नये.) अट एकच ठेवली, ती म्हणजे निरोप आल्यापासून दोन तासांत घरी पोहोचता आले पाहिजे.

या अटीने आमचा नकाशा एकदम लहान झाला. वासोटा गेला, तो व्याघ्र प्रकल्पात असल्याने मुक्कामाच्या दृष्टीने तसाही गेलेलाच होता. महाबळेश्वरच्या बाजूची, झाडीच्या आडोशाची ठिकाणे गेली. उरले ते महादेव डोंगररांगेचे आमच्या तालुक्यातले आणि शिवेवरचे फाटे: कल्याणगड, चंदन-वंदन, वर्धनगड, जरंडेश्वर. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ही सगळी उघडीबोडकी ठिकाणे. माथ्यावर झाड असलेच तर एखाद्या देवळाशी, आणि त्याच्या बुंध्यापाशी दुसरे कोणी आधीच बसलेले. गडमाथ्यावर मुक्कामाला मनाई असेल तिथे आम्ही खालच्या एखाद्या सोंडेवर, मालकाला विचारून पथारी टाकतो. सोंडेवर तर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. म्हणजे हलका, एकट्याचा, आणि उघड्या माळावरच्या वाऱ्यात टिकणारा तंबू ही आमची हौस नव्हती. घरच्या परिस्थितीने ते गणित आमच्यापुढे आणून ठेवले होते.

आमचा जुना, दोघांचा तंबू वाऱ्यानेच गेला होता. २०१९च्या मे महिन्यात चाळकेवाडीच्या पठारावर वळवाच्या आधीचा वारा सुटला आणि मध्यरात्री फायबरची दांडी कडाडून मोडली. मोडलेल्या टोकाने कापड वीतभर फाडले आणि उरलेली रात्र आम्ही त्या फाटक्या पिशवीत बसून काढली. दुकानात तो तंबू ‘कोणत्याही हवामानासाठी’ म्हणून मिळाला होता. वास्तविक चाळकेवाडीला जाऊन वाऱ्याबद्दल गाफील राहणे ही आमचीच चूक. त्या पठारावर आणि पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या सुमारे ११५० मीटर उंचीच्या पठारावर पवनचक्क्यांची जंगले उभी आहेत. एवढे लोखंड एवढ्या उंचीवर कोणी उगाच चढवत नाही. उशाशी पवनचक्की फिरत असताना आम्ही दहा पैशांच्या दोऱ्यांवर विसंबून झोपलो होतो.

वाऱ्याचे गणित आम्हां मराठीवाल्यांना आमच्याच महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मित्राने समजावले. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा एक चौरस मीटर कापडावर साधारण पावणेआठ किलो वजनाइतका रेटा देतो. वेग ८० झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे एकतीस किलोंच्या घरात जातो. तंबूची एक बाजू दीड-दोन चौरस मीटरची धरली तर एखादा बऱ्यापैकी माणूस त्या कापडावर ओणवा झाल्यासारखे होते. शिवाय वारा काही एकसारखा टेकून राहत नाही. तो सोडतो, पुन्हा येतो, बाजू बदलतो. कापड फाटते, शिवण उसवते, ते या हिसक्यांनी.

मग आम्ही वाचायला लागलो. आमच्यासारख्यांना कोणताही प्रश्न पडला की आधी वाचनाची यादी लागते. तेव्हा कळले की हलक्या तंबूंची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एका घराण्यात दांड्याच नसतात, किंवा एखादीच असते. चालताना हातात धरायच्या काठ्यांवरच कापड ताणायचे आणि चहूबाजूंनी खुंट्या ठोकायच्या. असे तंबू किलोच्या आत बसतात. हिलेबर्ग या स्वीडिश घराण्याचा १९९५ सालचा ‘आक्टो’ दीड किलोच्या थोडा पुढे जातो, एका कमानीवर उभा राहतो आणि वाऱ्यासाठी नावाजलेला आहे. पण तोही उभा राहतो तो खुंट्यांच्याच जिवावर. दुसऱ्या घराण्यात दांड्या एकमेकींना छेदून जातात आणि घुमट आपल्या बळावर उभा राहतो. १९७५ साली नॉर्थ फेस कंपनीने बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांवरून स्फूर्ती घेऊन असा पहिला तंबू काढला. हे तंबू जड असतात. एकट्याचा म्हटला तरी पावणेदोन-दोन किलो, आणि हिलेबर्गच्याच ‘सुलो’सारखा भक्कम असेल तर २.४ किलो. त्याची किंमत विचारून आम्ही विषय बदलला.

परदेशी लेखक वाऱ्यासाठी पहिल्या घराण्याची शिफारस पुष्कळदा करतात, आणि त्यांचे चूक नाही. त्यांच्या पायाखाली गवताची जाड, ओली माती असते. आमची अडचण तिथेच सुरू होते. कास-चाळकेवाडीकडे जांभ्याचा सडा. त्यावर माती असेल तर चार बोटे, नाहीतर नुसता दगड. कल्याणगडाकडे थोडा मुरूम आणि लगेच खाली काळा कातळ. सहा इंची खुंटी दोन इंच आत जाते, वाकते आणि तशीच राहते. यात मेख अशी की मेख ठोकायलाच जागा नाही.

हा विनोद आम्ही केलेला नाही, भाषेनेच करून ठेवला आहे. फार्सीत मेख म्हणजे खुंटी, खिळा. मराठीत ती तंबूच्या बाहेर पडली आणि ‘यात एक मेख आहे’ म्हणून वाक्यात रुतून बसली. तसाच तंबूचा दोर, तणावा. फार्सीत त्याला ‘तनाब’ म्हणतात. आज वर्गात ‘तणाव’ म्हटले तर मुलांना परीक्षा आठवते, घरचे कर्ज आठवते. तंबू कोणालाच आठवत नाही. तो जुना अर्थ आपल्याकडे जिवंत राहिला तो बहुधा एका गोष्टीपुरता. १६८९ साली संताजी घोरपडे तुळापूरच्या मोगली छावणीत शिरले आणि बादशहाच्या तंबूचे तणावे कापून सोन्याचे कळस घेऊन गेले, ही ती गोष्ट. शाळेत आमचे सगळे लक्ष त्या कळसांकडे असे. आता वाचताना तणाव्यांपाशीच थांबायला होते. एवढा प्रचंड डेरा खाली आणायला खांबाला हात लावावा लागत नाही, हे रात्रीच्या अंधारात घोड्यावरून आलेल्या माणसांना पक्के ठाऊक होते.

दुसरी गोष्ट दूरदेशची. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे १९११च्या जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या अखंड काळोखात, पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेले. वादळात त्यांचा तंबू उडाला. तंबू नाही म्हणजे परतीची वाट नाही, हे तिघांनाही कळत होते. वादळ उतरल्यावर बॉवर्सला तो उतारावर सुमारे अर्ध्या मैलावर सापडला. वाऱ्याने त्याच्या बांबूच्या दांड्या छत्रीसारख्या मिटल्या होत्या, म्हणून कापड शाबूत राहिले होते. पुढच्या मुक्कामी बॉवर्सने तंबूच्या शेंड्यापासून एक दोर घेतला आणि त्याचे दुसरे टोक झोपताना स्वतःच्या अंगाला बांधले. तंबू जाणारच असेल तर आपल्याला घेऊन जाऊ दे, असा हिशेब. चेरी-गॅरार्डने हे सारे १९२२ साली पुस्तकात लिहिले. तोवर विल्सन आणि बॉवर्स स्कॉटबरोबरच त्या बर्फात राहिले होते. हा मजकूर आमच्यापैकी एकाने दुसऱ्याला रात्री वाचून दाखवला. वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी दिवा मालवला नाही.

मतभेद झाला तो वजनावर. एकाचे म्हणणे असे की चाळिशी उलटली आहे, एकट्याने सगळे ओझे वाहायचे आहे, पाणीसुद्धा खालून न्यायचे आहे. गुडघे राखायचे असतील तर किलोच्या आतलाच तंबू हवा. वाराच सुटला तर आवरून खाली उतरता येते. दुसऱ्याचे म्हणणे असे की अंधारात, वाऱ्यात, एकट्याने कड्याची वाट उतरणे यालाच तर आपण घाबरतो. आठवडाभर हे चालले. दोघांचेही मुद्दे बरोबर होते, म्हणूनच ते संपत नव्हते. शेवटी लक्षात आले की आम्ही तंबूची निवड त्यात झोपणाऱ्याच्या बाजूने करत होतो. झोपणारा कसाही झोपतो. दमलेला असतो, आणि वारा काय करतो आहे ते त्याला डोळ्यांनी दिसत तरी असते. घरी राहणाऱ्याला ते दिसत नाही. कोरेगावात गच्चीवरचा पत्रा वाजू लागला की तो उठून बसतो आणि तिकडे किती वाजत असेल याचा अंदाज करत राहतो. हा तंबू त्याच्यासाठी घ्यायचा होता. असे पाहिल्यावर नऊशे ग्रॅमचा वाद उरला नाही.

आम्ही घेतला तो एक किलो नऊशे ग्रॅमचा आहे. छेदणाऱ्या दोन दांड्या, माथ्यावर आडवी तिसरी छोटी, सगळ्या अॅल्युमिनियमच्या. फायबर मोडले की चिरफळ्या उडतात. अॅल्युमिनियम बहुधा आधी वाकते, आणि वाकलेल्या दांडीवर नळी चढवून रात्र निभावता येते. उंची कमी, बसले की डोके छताला लागते. बाहेरचे आवरण जमिनीपर्यंत आलेले, कारण आमच्याकडे वाऱ्याबरोबर थंडीच्या आधी धूळ आत येते. त्याच कारणाने आतली खोली पूर्ण जाळीची न घेता निम्मी कापडाची घेतली. कापड पॉलिएस्टरचे. नायलॉन वजनाच्या मानाने अधिक चिवट असते खरे, पण ते ओले झाले की सैल पडते आणि पहाटे दवात उठून तणावे ओढावे लागतात. तणावे बांधायला आठ ठिकाणे. दुकानातल्या चकचकीत पत्रकात हे आठ बंद कुठेच छापलेले नव्हते. ते आम्ही आवरण उलटेपालटे करून मोजले.

कातळावर बांधायची रीत अशी. तणाव्याच्या टोकाला बोटभर जाडीची काटकी किंवा छोटा लांबट दगड बांधायचा, तो जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरावर मोठा धोंडा बसवायचा. ओढ लागली की लहान दगड मोठ्याला अडतो. मोठ्याला दोर गुंडाळावा लागत नाही. आपल्या काळ्या दगडाची धार बारीक दोर रात्रीत कापते, म्हणून टोकाला हातभर जाड सुतळीचा फास ठेवायचा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार आडोशाकडे करायचे. आणि माथ्याच्या ऐन कडेला, जिथून सूर्यास्त सुंदर दिसतो, तिथे तंबू लावायचाच नाही. वारा तिथेच वर चढून येतो. हे शेवटचे आम्हांला वर्धनगडाच्या पायथ्याशी एका मेंढपाळ गृहस्थांनी सांगितले. त्यांचा वाडा बसला होता तिथून वीस पावलांवर आम्ही जागा पाहत होतो. ते आमच्या निवडीकडे पाहून नुसते हसले, आणि मग मेंढरे जिथे बसली होती तिकडे त्यांनी हनुवटी केली.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तंबूंची चित्रे पाहून परतताना, कारखान्याच्या हंगामात, रस्त्याकडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसतात. बांबू वाकवून त्यावर पाचट, चटया, ताडपत्री. आम्ही ज्याला ‘बोगद्याचा तंबू’ म्हणून आदराने वाचत होतो तोच आकार, फक्त त्यात लेकरांसकट सबंध कुटुंब पाच-सहा महिने राहते आणि वजनाची चर्चा कोणी करत नाही. आमच्या वर्गातली काही मुले अशा कोप्यांतून आलेली आहेत. त्यांच्यापुढे ‘आम्ही मजेखातर माळावर झोपायला जातो’ हे सांगायला आजही आमची जीभ अडखळते. असो.

तंबूची पहिली परीक्षा गच्चीवर झाली. सिमेंटच्या गच्चीत मेख ठोकता येत नाही, म्हणून ती आमच्या सड्यासारखीच. पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन भरून तणावे बांधले आणि मार्चमधल्या एका वावटळीच्या दुपारी पाहत बसलो. तीन कॅन सरकले, तंबू सरकला नाही. कॅन दहा लिटरचे हवेत, अशी नोंद वहीत झाली.

खालून आईंनी हाक मारली. गच्चीत काय आदळते आहे, असे त्यांचे विचारणे. त्यांना वर आणणे शक्य नव्हते, म्हणून तंबूच खाली आणला. आपल्या बळावर उभा राहणाऱ्या तंबूचा हा उपयोग कोणत्याच परीक्षणात वाचला नव्हता. पलंगाशेजारच्या फरशीवर एकही खुंटी न ठोकता तो उभा राहिला. आईंचे माहेर तरडगावचे. माउलींची पालखी चांदोबाच्या लिंबाचे रिंगण करून त्यांच्या गावच्या तळावर मुक्कामाला येते. लहानपणी आषाढाच्या तोंडावरच्या वाऱ्यात शेकडो राहुट्या फडफडताना त्यांनी पाहिल्या आहेत, आणि नंतर चार वाऱ्या केल्या तेव्हा त्या राहुट्यांत झोपल्याही आहेत. त्यांनी डावा हात लांबवून कापड बोटांत धरले, चोळले. पातळ आहे, म्हणाल्या. मग खुंट्यांची पिशवी मागितली. एक खुंटी पाहून ‘‘सरळ... नको,’’ असे म्हणाल्या आणि हाताने ती तिरपी करून दाखवली. शेंडा तंबूपासून लांब, टोक तंबूकडे. एवढे सांगायला त्यांना दोन-तीन मिनिटे लागली. आम्हांला ते पुस्तकात वाचून ठाऊक होते, पण ते आम्ही बोललो नाही.

मग त्यांनी आत डोकावून पाहिले आणि विचारले, ‘‘दोघांना... पुरंल?’’

नाही, एकाचाच आहे, असे सांगितले. त्या आमच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना सगळे कळते. झटका आला तो शब्दांना, समजुतीला नाही. आम्ही तंबूच्या दांड्या काढायला घेतल्या, पण आईंनी मानेने नको म्हटले. ती रात्र तो तसाच खोलीत राहिला, आणि राहणाऱ्याची अशी कोणी नेमणूक नसताना आमच्यापैकी एकजण गंमत म्हणून त्यात झोपला. दुसरा खुर्चीत होता.

त्यानंतर आतापर्यंत तो दहा-बारा वेळा बाहेर गेला आहे. कल्याणगडाच्या सोंडेवर सर्वांत जास्त, कारण तिथून सकाळी गडाच्या पोटातल्या त्या थंडगार पाण्याच्या गुहेत जाऊन परत दहाच्या आत घरी येता येते. नऊ वाजता एक फोन होतो, मग फोन बंद. एक दांडी किंचित वाकली आहे. एक तणावा कातळाने कापला. तेव्हा सुतळीचा फास घरी विसरला होता. आतल्या बाजूला पहाटे दव साचते आणि अंगावर टपकते, विशेषतः वारा नसलेल्या रात्री. त्यावर उपाय सापडलेला नाही. परतल्यावर तंबू गच्चीतल्या दोरीवर आईंच्या चादरींशेजारी वाळत पडतो.

गेल्या फेब्रुवारीत एका शनिवारी रात्री दोनच्या सुमाराला कोरेगावात अवचित वारा उठला. पत्रा वाजायला लागला. घरी राहिलेला उठून आईंच्या खोलीत गेला, तर त्या आधीच जाग्या होत्या आणि खिडकीकडे पाहत होत्या. कूस बदलून दिली, पाणी दिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘तिरप्या... मारल्यात?’’

‘‘तिथे खुंट्या जात नाहीत. धोंडे बांधलेत.’’

‘‘किती?’’

‘‘आठ.’’

त्यांनी डाव्या हाताची बोटे एकेक करून मिटली, पाच झाल्यावर पुन्हा उघडली आणि आणखी तीन मिटली. मग डोळे मिटून घेतले. पत्रा चार वाजेपर्यंत वाजत होता.